नेट बंद, तरी निरोप पोचला : कमांड लाइनवरून संदेश पाठवण्याचे काही तास



आमच्या बाळकुममध्ये रस्त्याचं खोदकाम निघालं की शाळेत दोन गोष्टी ठरलेल्या असतात. मुलं उशिरा येतात आणि कुठेतरी केबल तुटून लॅबचं इंटरनेट जातं. मागच्या वर्षी असंच नेट गेलं ते चांगलं आठवडाभर. नववीचा तास होता. मुलं येऊन बसली, ब्राउझर उघडला, आणि वीसच्या वीस पडद्यांवर तेच : कनेक्शन नाही. एक मुलगी म्हणाली, "सर, आज कॉम्प्युटर बंदच ना?"

मी म्हटलं, "कॉम्प्युटर चालू आहे की. नेट बंद आहे."

"पण नेट नाही म्हणजे एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर काही जाणारच नाही ना?"

हा प्रश्न तुम्ही तुमच्या वर्गात विचारून बघा. आणि जमलं तर स्टाफरूममध्येही विचारा! आमच्याकडे दोन्ही ठिकाणी उत्तर एकच आलं : नाही जाणार. मोबाइलवर वाढलेल्या मुलांना दोष तरी काय द्यायचा? शेजारच्या बाकावरच्या मित्राला पाठवलेला व्हॉट्सअॅपसुद्धा आधी कुठल्या तरी दूरच्या सर्व्हरवर जाऊन परत येतो. त्यामुळे "मेसेज म्हणजे इंटरनेट" हे डोक्यात पक्कं बसलेलं. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात माहिती संप्रेषण तंत्रज्ञानाचा धडा आहे, पण नेटवर्क ही हाताला लागणारी वस्तू आहे, ती आपल्याच खोलीत आहे, हे वाचून कळत नाही. म्हणून त्या दिवशी मी मुलांना बाकाखाली वाकायला लावलं. प्रत्येक मशीनमागून निघालेली निळी वायर बोटाने धरून कुठे जाते ते बघा म्हटलं. सगळ्या वायरी कोपऱ्यातल्या एका पेटीत जातात. तो स्विच. इंटरनेटची वायर त्या पेटीतून बाहेर जाणारी फक्त एक. तुटली होती ती. बाकीच्या वीस शाबूत होत्या.

आधी पत्ता, मग निरोप

एक सूचना. खाली आज्ञा मी वर्गात मोठ्याने वाचून दाखवतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरा आणि जिथे "जागा" म्हटलंय तिथे स्पेसबार दाबा.

स्टार्टमध्ये सी-एम-डी लिहून काळी खिडकी उघडली की पहिली आज्ञा "होस्टनेम". मशीन आपलं नाव सांगतं, उदा. आमच्याकडे पीसी-०७. दुसरी "आयपी-कॉन्फिग" (मधे जागा किंवा रेघ नाही). त्यात आयपीव्ही-४ अॅड्रेस असं लिहिलेल्या ओळीत १९२.१६८.१.१४ अशासारखा आकडा मिळतो. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घरातल्या, शाळेतल्या आतल्या जाळ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत. त्यामुळे बाळकुममधल्या आमच्या लॅबमध्ये आणि कल्याणमधल्या तुमच्या घरी अगदी तोच पत्ता असू शकतो आणि गोंधळ होत नाही. "रूम नंबर ४" ठाण्यात हजारो असतील, पोस्टमन चुकत नाही ना? तसंच.

तिसरी आज्ञा "पिंग", जागा, आणि शेजारच्याचा पत्ता. पिंग म्हणजे नुसतं दार वाजवणं. विंडोज चार वेळा वाजवतं आणि प्रत्येक वेळी उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते दाखवतं. लॅबमध्ये बहुतेकदा एकापेक्षाही कमी.

इथे थोडं थांबा, कारण वर्गातली खरी मजा न येणाऱ्या उत्तरांत आहे. उत्तर दोन प्रकारे येत नाही. "डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल" आलं तर आपल्याच जाळ्यात त्या पत्त्यावर कोणी सापडलंच नाही : मशीन बंद, वायर निघालेली किंवा आकडा चुकलेला. "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" आलं तर गोष्ट वेगळी. लॅबच्या आत असं झालं तर बहुधा घरात माणूस आहे, पण तो दार उघडत नाही. म्हणजे फायरवॉल. मुलांना हा फरक लगेच कळतो. एकजण म्हणाला, "सर, पहिल्यात बिल्डिंगच नाही आणि दुसऱ्यात वॉचमन सोडत नाहीये." यापेक्षा चांगली व्याख्या मला सुचली नसती.

निरोपाची आज्ञा

आता निरोप. विंडोजमध्ये त्यासाठी "एम-एस-जी" ही आज्ञा आहे. पूर्ण ओळ अशी : एम-एस-जी, जागा, तारका (*), जागा, तिरपी रेघ (/) आणि तिला चिकटून सर्व्हर हा शब्द, मग विसर्गासारखं दिसणारं कोलन, मग समोरच्या मशीनचं नाव, जागा, आणि मजकूर. तारका म्हणजे त्या मशीनवर जो कोणी बसला असेल त्या प्रत्येकाला. एंटर दाबलं की समोरच्या पडद्यावर मधोमध छोटी चौकट उगवते. तिच्या डोक्यावर पाठवणाऱ्याचं लॉगिन नाव आणि वेळ, खाली मजकूर आणि ओकेचं बटण.

निदान उगवायला हवी. पहिल्यांदा करून बघाल तेव्हा बहुधा नाही उगवणार. "एरर ५ गेटिंग सेशन नेम्स" असं काहीतरी येईल, किंवा एरर १७२२. पाच म्हणजे परवानगी नाही. सतराशे बावीस म्हणजे समोरची ती सेवा हाताला लागत नाही, बऱ्याचदा मधे फायरवॉल असते. घरच्या लॅपटॉपवर विंडोजची होम आवृत्ती असेल तर ही आज्ञाच नसते, ती प्रो आणि वरच्या आवृत्त्यांत मिळते. पालकांनी यासाठी उगाच डोकं खाजवू नये.

आज्ञा चालायची तर निरोप घेणाऱ्या मशीनवर तीन गोष्टी लागतात. पाठवणाऱ्याच्या खात्याला तिथे परवानगी हवी, फायरवॉलमध्ये वाट हवी, आणि रजिस्ट्रीत टर्मिनल सर्व्हर या नोंदीखालची "अलाऊ रिमोट आरपीसी" ही किंमत शून्याची एक करावी लागते. तिन्ही गोष्टी घेणाऱ्याच्या हातात आहेत, पाठवणाऱ्याच्या नाही, हे फळ्यावर लिहा. आणि रजिस्ट्रीला मुलांना हात लावू देऊ नका. ते काम आपण करायचं, नुसत्या लॅबच्या मशीनवर, आणि तास झाला की परत शून्य करायचं.

हे दार बंद का झालं?

माझ्या वयाच्या शिक्षकांना आठवत असेल, पूर्वी एवढा खटाटोप नव्हता. विंडोज एनटी, २००० आणि एक्सपीमध्ये "नेट सेंड" ही आज्ञा होती. नाव लिहा, मजकूर लिहा, झालं. परवानगी बिरवानगी काही नाही. त्यामागे मेसेंजर नावाची सेवा सतत चालू असायची. (गप्पांचा एमएसएन मेसेंजर वेगळा, त्याचा याच्याशी संबंध नाही.) ऑफिसांत ती "प्रिंटरमधला कागद संपला", "पाच मिनिटांत सर्व्हर बंद करतोय, काम सेव्ह करा" अशा निरोपांसाठी होती. ऑफिसच्या आत सगळे ओळखीचे, म्हणून दाराला कडीच ठेवली नव्हती.

मग तीच मशीनं थेट इंटरनेटला जोडली गेली. २००२-०३ च्या सुमारास जगभर लोकांच्या पडद्यावर अनोळखी चौकटी उगवायला लागल्या. ब्राउझर उघडा नसला तरी. जाहिराती! कळस म्हणजे काही चौकटी अशाच चौकटी थांबवणाऱ्या सॉफ्टवेअरची जाहिरात करत होत्या. आपणच दारावर थापा मारायच्या आणि आपणच कडी विकायची. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नोव्हेंबर २००३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अशा एका कंपनीविरुद्ध कारवाई केली. त्याच्या एकच महिना आधी मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं होतं की या सेवेतल्या एका चुकीमुळे बाहेरचा माणूस मशीनचा ताबासुद्धा घेऊ शकतो. ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक आला, त्याने ही सेवा मुळातच बंद ठेवली. पुढच्या व्हिस्टामधून ती काढूनच टाकली.

तेव्हा एरर ५ आला की "बंद पडलंय" म्हणून पुढे जाऊ नका. तो एरर का आहे, हा अर्ध्या तासाचा धडा आहे.

आमच्या लॅबमधला एक दिवस

आता जे सांगणार आहे ते सांगावं की नाही, याचा विचार करत होतो. पण इतर शाळांत माझ्यासारखी चूक होऊ नये म्हणून लिहितो.

आमच्या लॅबमध्ये तेव्हा वीसही मशीनवर एकच लॉगिन होतं, "स्टुडंट", आणि पासवर्डही एकच. सोयीचं पडतं, तुमच्याकडेही असेल. पहिल्या तासानंतर मी दारं बंद करायला विसरलो. दोन दिवसांनी तास चालू असताना एका मुलीच्या पडद्यावर चौकट उगवली. तिच्या वडिलांच्या कामावरून काहीतरी लिहिलेलं. मजकूर इथे देत नाही. ती रडायला लागली. मी धावत गेलो, चौकट वाचली, आणि वर्गातला जो मुलगा या काळ्या खिडकीत सगळ्यांत तरबेज होता त्याचं नाव सगळ्यांसमोर घेतलं. का? तर "याला येतं" म्हणून. दुसरं कारण नव्हतं.

तो एवढंच म्हणाला, "सर, वर स्टुडंट लिहिलंय. आम्ही सगळेच स्टुडंट आहोत."

मी त्याच्या मशीनवर बाणाची कळ दाबून जुन्या आज्ञा शोधल्या. काही नव्हतं. आणि नसण्याने काही सिद्धही होत नव्हतं, कारण ती खिडकी बंद केली की तिच्यातल्या आज्ञांची यादी जाते. त्याला मी बाहेर उभं केलं. संध्याकाळी घरी जाताना, कापूरबावडीच्या सिग्नलला रिक्षात बसल्या बसल्या आठवलं : चौकटीवर वेळ होती, अकरा बेचाळीस. त्या वेळी तो मुलगा लॅबमध्ये नव्हता. मीच त्याला प्रोजेक्टरची वायर आणायला स्टाफरूममध्ये पाठवलं होतं. चौकटीवर नाव आणि वेळ दोन्ही छापलेलं असतं हे मुलांना मीच शिकवलं होतं, आणि मी मात्र फक्त नाव वाचलं, तेसुद्धा काही न सांगणारं. दुसऱ्या दिवशी मशीनची घड्याळं जुळवून बघितली, सगळी बरोबर होती.

वर्गासमोर नाव घेतलं होतं, म्हणून माफीही वर्गासमोर मागितली. त्याच्या आईला शाळेत बोलावलं होतं, त्यांनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "सर, घरी येऊन तो जेवला नाही काल." निरोप कोणी पाठवला ते शेवटपर्यंत कळलं नाही. एकच नाव वीस जणांना दिलं तर कळणार तरी कसं? त्या आठवड्यात मी प्रत्येक मुलाला वेगळं लॉगिन करून दिलं. दोन दुपार गेल्या, पण करा. लॅबमध्ये कुठलीही संदेशाची आज्ञा शिकवण्याआधी करा.

लिनक्सवर हाच खेळ

तुमच्या लॅबमध्ये लिनक्स असेल तर तुम्ही नशीबवान. तिथे "राइट" नावाची आज्ञा आहे आणि ती १९७१ सालच्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलमध्येसुद्धा सापडते. तेव्हा एका मोठ्या यंत्राला अनेक टर्मिनल जोडलेले असत आणि एकाच यंत्रावर बसलेले लोक एकमेकांना लिहीत. आजही ती एकाच मशीनवर लॉगिन केलेल्यांमध्येच चालते. त्यामुळे लॅबमध्ये सगळ्यांनी "एसएसएच" वापरून एका मशीनवर आपापल्या नावाने शिरायचं. मग राइट, जागा, मैत्रिणीचं लॉगिन नाव, एंटर. त्यापुढची प्रत्येक ओळ तिच्या पडद्यावर उमटते. संपवायला कंट्रोल आणि डी.

दोघांनी एकाच वेळी लिहिलं की ओळी एकमेकींत मिसळतात. म्हणून जुन्या मॅन्युअलमध्येच शिष्टाचार सांगितलाय : बोलणं झालं की शेवटी ओ लिहा, म्हणजे "आता तुम्ही बोला". गप्पाच संपल्या तर दोनदा ओ. पोलिसांच्या वायरलेससारखं. मुलांना हे इतकं आवडलं की वहीच्या चिठ्ठ्यांतही ओ-ओ सुरू झालं.

पण मला जास्त आवडते ती त्याच पहिल्या मॅन्युअलमधली दुसरी आज्ञा, एम-ई-एस-जी. तिच्यापुढे जागा सोडून एन लिहिलं की तुम्हाला कोणी लिहू शकत नाही, वाय लिहिलं की लिहू शकतं. दारावर थाप मारायची सोय आणि आतून कडी घालायची सोय, दोन्ही एकाच पुस्तकात. नेट सेंड बनवणाऱ्यांनी ते पान वाचलं नसावं. त्या मुलीला मी ही आज्ञा पहिल्यांदा शिकवली. तिने एन केलं. पुढचे दोन तास तसंच ठेवलं.

जुहू ते पवई

एका मुलाने विचारलं की मशीनला मशीन वायरने जोडलेलंच नसेल तर? याचं उत्तर आपल्यापासून तासा-दीड तासावर घडलं आहे, म्हणून सांगतो.

१९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने "अर्नेट" हा प्रकल्प सुरू केला. आठ संस्था त्यात होत्या : पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईत जुहूला असलेलं नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, आणि तो विभाग स्वतः. सुरुवातीच्या काळात जुहूचं हे केंद्र आणि पवईची आयआयटी यांच्यात ईमेल जाऊ लागली ती साध्या टेलिफोनच्या लाइनवरून. कायमची जोडणी नव्हती. यूयूसीपी नावाची पद्धत होती. दिवसभर लिहिलेली पत्रं मशीन साठवून ठेवायचं, मग मोडेमने दुसऱ्या मशीनला फोन लावायचा, गठ्ठा द्यायचा, तिकडचा घ्यायचा, फोन ठेवायचा. अगदी एसटीच्या टपालपिशवीसारखं. त्या पद्धतीतले पत्तेही गमतीदार असत. मधे लागणाऱ्या प्रत्येक मशीनचं नाव उद्गारचिन्हाने जोडून लिहायचं, शेवटी माणसाचं नाव. म्हणजे पत्त्यातच रस्ता. रिक्षावाल्याला आपण सांगतो ना, "माजिवडा, मग बाळकुम नाका, मग पाडा नंबर दोन", तसा.

१९८९ मध्ये याच जुहूच्या केंद्रातून अमेरिकेतल्या व्हर्जिनियापर्यंत कायमची लाइन जोडली गेली. तिचा वेग सेकंदाला ९,६०० बिट. मुलांना गणित घातलं : एक अक्षर आठ बिटांचं धरलं तर सेकंदाला किती अक्षरं? बाराशे. आणि मोबाइलमधला तीन एमबीचा एक फोटो जायला किती वेळ? करा हिशोब. चाळीस मिनिटांच्या वर येतो. त्या केंद्राचे प्रमुख डॉ. श्रीनिवासन रमणी यांना २०१४ मध्ये इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. सर्वसामान्यांसाठी विदेश संचार निगमची इंटरनेट सेवा सुरू झाली ती १५ ऑगस्ट १९९५ ला.

मराठी निरोप किती मोठा?

शेवटचा प्रयोग "एन-सी", म्हणजे नेटकॅट. एका मशीनवर एन-सी, जागा, उणे चिन्ह आणि त्याला चिकटून एल, जागा, ५०००. याचा अर्थ "मी पाच हजार क्रमांकाच्या दाराशी कान लावून बसलोय". एका मशीनला अशी पासष्ट हजारांवर दारं असतात, १०२४ च्या खालची मालकासाठी राखीव. दुसऱ्या मशीनवर एन-सी, जागा, पहिल्याचा पत्ता, जागा, ५०००. झालं. आता इकडे लिहिलेलं तिकडे, तिकडचं इकडे. (काही लिनक्समध्ये ऐकणाऱ्याला एलनंतर आणखी एक उणे-पी लिहावं लागतं.)

यात मराठी लिहून बघा. "नमस्कार" पाठवला की किती बाइट गेले? इंग्रजी पाच अक्षरांना पाच बाइट लागतात, हे मुलांना माहीत होतं. नमस्कारात त्यांनी अक्षरं मोजली चार. पण यंत्र न, म, स, हलन्त, क, काना, र असं सात मोजतं, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीतल्या प्रत्येकाला तीन बाइट. एकवीस. एंटरचा एक धरून बावीस. डब्ल्यू-सी या आज्ञेला उणे-सी लावून पडताळताही येतं. आमच्या मराठीच्या बाई हे ऐकून लॅबमध्ये आल्या आणि पाठ्यक्रमात नसलेला, जोडाक्षरं आणि हलन्ताचा एक तास तिथेच झाला.

घंटा व्हायच्या आधी त्या तरबेज मुलाने विचारलं, "सर, हे मधल्या मधे कोणी वाचू शकतं?" वाचू शकतं. नेटकॅटचा निरोप पोस्टकार्ड आहे. स्विच तो सहसा फक्त ज्याच्या त्याच्या वायरवर सोडतो, पण वाटेत कोणी बसलंच तर मजकूर उघडा असतो. एसएसएच हे बंद पाकीट. फिनलंडमधल्या एका विद्यापीठात जाळ्यावरून पासवर्ड चोरले गेले, तेव्हा तातू युलोनेन यांनी ते १९९५ मध्ये बनवलं. पाकिटाचं कुलूप कसं लागतं, किल्ली दोघांकडे कशी पोचते, हे त्याने लगेच विचारलं. ते मला एका तासात बसवता आलेलं नाही. तुमच्यापैकी कोणी नववीला शिकवलं असेल तर कसं शिकवलंत ते जरूर कळवा.